बसवंतआप्पांच्या इंजनाची खोड

धुरपताबाईनं सकाळी भाकरी थापता थापता जाहीर केलं, की आपण बसवंतआप्पांचं बोटीचं जुनं इंजन विकत घेणार आहोत. सुनेनं, राजेश्रीनं, आधी तव्याकडे बघितलं, मग सासूकडे. तवा ठीक होता.

"आत्याबाई, त्या माणसाचं नाव निघालं की तुमी चूळ भरता. आन् त्याचं इंजन घेणार?"

"घेणार न्हाई. बघणार हाय."

"मंग घेणार म्हणून कामून सांगितलं?"

"घेणार म्हणल्याबिगर कोणी बघू देत न्हाई."

राजेश्रीनं भाकर उलटली आणि विषय सोडून दिला. तिचा नवरा पुण्याला कंपनीत होता. सासूनं काही केलं तर त्याला फोन करायचा, असं ठरलेलं होतं. पण "आई इंजन बघायला चाललीय" हे फोनवर सांगून कुणाला काय कळणार होतं.

शेवाळथडी हे त्यांचं गाव गोदावरीच्या अगदी काठाला, सोनपेठपासून जीपनं अर्धा तास. पलीकडच्या काठावर महादेवाचं देऊळ. खाली बंधारा झाल्यापासून नदी इथं बारमाही तुंबलेली, आणि रुंद इतकी, की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर तो निघून गेल्यावर पोचायची. या पाण्यावर धुरपताबाईच्या नवऱ्याची लाकडी नाव चालायची. नवरा गेला तसं वल्हं तिनं हातात घेतलं, त्यालाही आता अठरा वर्षं होऊन गेली होती.

मग सोनपेठचे हार्डवेअरवाले बसवंतआप्पा पत्र्याची बोट घेऊन आले. बोटीच्या मागं पाच एचपीचं निळं इंजन. लोक तिकडे वळले. एवढ्यावर धुरपताबाई चिडली नसती. नदी काही तिला हुंड्यात मिळाली नव्हती. पण गेल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आप्पांनी माईक हातात घेतला.

"भाविकांना नम्र विनंती," भोंगा बोलला. "म्हातारीच्या नावेत बसू नये. नाव गळकी आहे. म्हातारीला दिसत नाही. जीव प्यारा असेल त्यांनी मोटारबोटीनं यावे."

दिवसभरात हे एकतीस वेळा झालं. धुरपताबाईनं मोजलं, कारण त्या दिवशी तिला दुसरं काही काम उरलं नव्हतं.

नाव गळकी होती हे खरं. लाकडाची नाव गळतेच, त्यासाठी तर तिच्यात डबा ठेवलेला असतो. ते वाक्य तिनं सोडून दिलं. पण दिसत नाही? त्या दिवसापासून पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस तिचे डोळे तपासायला लागला. दळण घेऊन गेली तर गिरणीवाला तोंडापुढं हात नाचवून विचारायचा, "मावशी, किती बोटं?" "पाच," ती म्हणायची, "आन् एकाचंबी नख काढलेलं न्हाई." एकदा पाथरीच्या स्टँडवर दोन भल्या माणसांनी तिला दोन्ही दंडांना धरून रस्ता ओलांडून दिला. तिला त्या बाजूला जायचंच नव्हतं. परत यायला तिला तिसरा भला माणूस शोधावा लागला नाही, एवढंच.

सुडाचे सगळे नेहमीचे मार्ग तिनं शांतपणे तपासून बघितले. बोट जाळावी तर ती पत्र्याची. बोटीला भोक पाडावं तर त्यात माणसं बसतात. आप्पांच्या दुकानावर भानामती करावी तर भानामतीवाला तिच्या नावेच्या मागच्या फेऱ्यांचे पैसे बुडवून गेलेला. शेवटी तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आप्पांचं नुकसान नकोच आहे. आपल्याला आप्पांचं तोंड पाहिजे. त्याच तोंडानं, भोंग्यावरून, चारचौघात, त्यांनी स्वतःचा दोष सांगायचा. त्याच्यापेक्षा कमी काही दिलं तर ती घेणार नव्हती.

मग ती वर्षभर काठावर बसली आणि जिला दिसत नाही तिनं बघायला सुरुवात केली.

भरलेल्या बोटीला पलीकडे जायला वीस-बावीस मिनिटं लागायची. अकराव्या मिनिटाला, बरोबर नदीच्या मध्यावर, इंजन खोकायचं आणि बंद पडायचं. आप्पा उठायचे. इंजनाच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी, तिचं झाकण उघडून आत बघायचे. पेट्रोल असायचं. झाकण घट्ट आवळायचे, दोरी हातात घ्यायचे आणि ओरडायचे, "हर हर महादेव!" बोटीतली सगळी मंडळी ओरडायची, "महादेव!" दोरी ओढली की इंजन सुरू. पलीकडे पोचले, की आप्पा बाटलीनं टाकी भरायचे, झाकण आवळायचे, आणि परतीच्या वाटेवर अकराव्या मिनिटाला पुन्हा महादेव. इतकं नेमानं, की लोकांना ती त्या बोटीची पद्धतच वाटायला लागली. बायका दहाव्या मिनिटाला पदर सावरून तयार राहायच्या.

धुरपताबाईनं हे शंभराच्या वर वेळा बघितलं. इंजनाला खोड होती. आप्पांना ती माहीत होती. आणि आता आप्पा मोठं नवं इंजन आणणार होते आणि हे जुनं विकायला काढलं होतं.

सोनपेठच्या आठवडी बाजारात बैलांचा सौदा करून देणारा सूर्यभान नावाचा दलाल होता. खांद्यावर उपरणं, कपाळावर अष्टगंध, आणि चार पाय नसलेली वस्तू त्यानं आयुष्यात विकलेली नव्हती. धुरपताबाई त्याच्याकडे गेली.

"सूर्यभानदादा, मला एक इंजन घ्यायचंय. बैलाच्या रिवाजानं."

सूर्यभाननं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बैलाच्या रिवाजानं म्हंजी, तोंड बघणार, जुंपून बघणार?"

"व्हय. आन् मालकानं खोड सांगायची."

जुन्या लोकांनी त्या बाजारात एक रिवाज पाडलेला होता. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगायची. मारकं असेल तर मारकं, बसकं असेल तर बसकं. खोड नाही म्हणाला आणि जुंपल्यावर निघाली, तर त्यानं बाजारात उभं राहून स्वतःच्या तोंडानं ती खोड पुकारायची. नाही पुकारली तर त्या बाजारात त्याच्याशी कोणी सौदा करायचा नाही. बैलांचाच नाही, खिळ्यांचासुद्धा.

सूर्यभान आप्पांच्या दुकानात जाऊन आला. आप्पा पोट धरून हसले म्हणे. म्हातारीला इंजनाचं काय कळतंय. पाच मिनिटं चालवून दाखवू, फटफट आवाज ऐकला की खूश. रिवाज कबूल.

बाजाराच्या दिवशी बैलांच्या रांगेच्या शेवटी, एका म्हशीच्या आणि उंदरांच्या औषधाच्या गाडीच्या मध्ये, पाण्यानं भरलेलं टिपाड उभं राहिलं. टिपाडाच्या कडेला जाड फळी बांधून तिच्यावर इंजन अडकवलं होतं, खालचा भाग पाण्यात. बोट नाही, नदी नाही, टिपाडात उभं राहून ते इंजन अंघोळीला बसवलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा हरिओम पान्हे घेऊन आला होता. अर्धा बाजार जमला. उरलेला अर्धा म्हशीमुळे येऊ शकला नाही.

"मोटार हाय व्हय?" एका शेतकऱ्यानं विचारलं. "किती इंची पाणी मारती?"

"पाणी मारत न्हाई ती," हरिओम म्हणाला. "बोट ढकलती."

"मंग मोटार कशाची?" तो माणूस दुखावल्यासारखा मागं झाला, पण गेला नाही.

बसवंतआप्पा कडक इस्त्रीच्या शर्टात आले. "या मावशी, या. इकडं टिपाड हाय बरं का, आपटाल."

लोक हसले. धुरपताबाई सरळ टिपाडापाशी जाऊन उभी राहिली. "आप्पा, शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या काजात घातलंय तुमी."

आता लोक पुन्हा हसले, आणि आप्पांनी खाली बघितलं.

सूर्यभाननं तपासणी सुरू केली. तो आयुष्यभर बैल तपासत आला होता आणि आता वेगळं काही करायचं कारण त्याला दिसत नव्हतं. त्यानं टिपाडात हात घालून इंजनाच्या पंख्याच्या पात्यांवरून बोटं फिरवली.

"दात किती?"

"पाती तीन," हरिओम म्हणाला.

"तीनदाती." सूर्यभान विचारात पडला. "दोनदाती बघितला, चारदाती बघितला. तीनदाती माझ्या हातून गेला न्हाई आजवर. आन् चालवायचं कसं?"

"ही मूठ धरायची. पिळली की पळतं."

"म्हंजी शेपूट पिरगाळायची." सूर्यभानला हायसं वाटलं. "बैलच की."

"आता तोंड," धुरपताबाई म्हणाली, आणि तिनं पुढं होऊन टाकीचं झाकण फिरवून काढलं. आत वाकून बघितलं. पेट्रोल काठोकाठ होतं. आप्पा लगबगीनं झाकण परत लावायला आले.

"राहू द्या की," ती म्हणाली. "मुसकं बांधून कोणी बैल जुंपून दाखवतं का? सगळ्यांना दिसू द्या."

"बरोबर हाय," सूर्यभान म्हणाला. "मुसकं नको."

हरिओमला काहीतरी म्हणायचं होतं. मग पेट्रोलमध्ये कचरा नको म्हणून त्यानं झाकण नुसतं वर ठेवलं आणि गप्प बसला. गिऱ्हाइकात आणि दुकानदारात बोलायचं नाही, हा त्याचा धंद्याचा नियम होता.

"आप्पा, हात ठेवा," सूर्यभान म्हणाला. "खोड सांगा."

आप्पांनी इंजनाच्या निळ्या पाठीवर हात ठेवला आणि गर्दीकडे बघून स्पष्ट आवाजात सांगितलं, "खोड न्हाई. एकबी न्हाई."

धुरपताबाईला हे वाक्य इतकं गोड लागलं, की तिनं ते मनात दोनदा फिरवलं. आता फक्त अकरा मिनिटं.

हरिओमनं दोरी ओढली. इंजन फटकन सुरू झालं, टिपाडातलं पाणी थरथरलं आणि इंजनाच्या कानाखालून करंगळीएवढी पाण्याची धार बाहेर पडली.

"हे बगा, पाणी मारायला लागली!" इंचीवाला शेतकरी ओरडला. मग धार बघून त्याचा चेहरा पडला. "एवढंसं? ह्याच्यात कोथिंबीरबी भिजायची न्हाई."

"त्या पाण्यानं इंजन थंड राहतं," हरिओम म्हणाला. "धार पडायलीय म्हंजी तब्येत बरी हाय."

"माणसासारखंच हाय म्हणा," म्हशीचा मालक म्हणाला.

पाच मिनिटं झाली. आप्पांनी टाळी वाजवली. "झालं की मावशी! ऐकला आवाज? करा बंद."

"जुंपलं कुठं आजून?"

"टिपाडात काय जुंपणार?"

"गियर टाका," धुरपताबाई म्हणाली. गियर हा शब्द तिनं वर्षभर काठावर बसून शिकला होता.

गियर पडला आणि टिपाडाला राग आला. पहिल्या लाटेत पुढची रांग भिजली. दुसऱ्या लाटेत आप्पांची इस्त्री गेली. बाजूच्या हॉटेलवाल्यानं हौसेनं घागरी आणल्या, कारण पाणी कमी झालं तर इंजन जळेल असं हरिओम ओरडत होता. माणसं रांग लावून टिपाडात पाणी ओतत होती, इंजन ते परत माणसांवर फेकत होतं. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी मन लावून चालला होता. धुरपताबाई मात्र हरिओमच्या मोबाइलवरचं घड्याळ बघत होती.

आठ. नऊ. आप्पा कपाळ पुसायला लागले. त्यांनाही अकरा हा आकडा माहीत होता. "बास की आता, पेट्रोल चाललंय फुकट."

"पेट्रोल मी देते."

दहा. आप्पांचे ओठ हलत होते. धुरपताबाई एक पाऊल पुढं झाली. गेलं वर्षभर ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो आता मिनिटभर लांब होता, आणि तिनं डोळे न मिटता तो बघायचं ठरवलं होतं.

अकरा.

इंजन चालू राहिलं.

बारा. तेरा. धार पडत होती. आवाज एकसारखा. सोळाव्या मिनिटाला गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "लय दमदार हाय बुवा." विसाव्या मिनिटाला हॉटेलवाल्यानं पाण्याचे पैसे मागितले. पंचविसाव्या मिनिटाला सूर्यभाननं हात वर केला. "बंद करा. खोड न्हाई. सौदा पक्का."

धुरपताबाईनं पुन्हा एकदा मोबाइलवरचं घड्याळ बघितलं. ती टिपाडाला धरून उभी राहिली. वर्षभर तिनं काय बघितलं होतं मग? गिरणीवाल्याची बोटं, पाथरीचे भले लोक, सगळे एकदम तिच्या डोळ्यांपुढं आले. खरंच दिसत नाही की काय आपल्याला? आणि वरून आता ते निळं भूत विकत घेऊन घरी न्यायचं होतं.

मग तिनं आप्पांकडे बघितलं. माणूस जिंकल्यावर असा दिसत नाही. आप्पा तोंड उघडं टाकून इंजनाकडे बघत होते. बायकोनं लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी अचानक गाणं म्हणून दाखवावं, तसे. त्यांनाही कळत नव्हतं.

म्हणजे दिसत होतं ते खरं होतं.

"हरिओम," ती हळूच म्हणाली. "आज ह्याला रोजच्यापेक्षा काय येगळं केलंय रं?"

"मला इचारताय?" हरिओमला शेवटी नियम मोडायची संधी मिळाली. "झाकण उघडं हाय की. झाकणावर हा बारका स्क्रू दिसला का? हवेचा. चालू करायच्या आधी सैल करायचा असतोय. न्हाईतर टाकीत हवा जात न्हाई, पेट्रोल उतरत न्हाई, आन् थोड्या वेळानं इंजन गुदमरून मरतंय. हा स्क्रू तर गंजून बसलाय. जन्मात कोणी फिरवलेला न्हाई."

धुरपताबाईनं तो स्क्रू बघितला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तिला वर्षभरात प्रथमच महादेवाची दया आली. दिवसातून दहा-बारा वेळा त्याला हवा सोडायला बोलावलं जात होतं.

"सूर्यभानदादा," ती मोठ्यानं म्हणाली, "सौदा पक्का. इंजन मी घेतलं. पण माझं जनावर मला एकदा माझ्या मनानं जुंपू द्या."

तिनं पेट्रोल भरून घेतलं, झाकण स्वतःच्या हातानं घट्ट आवळलं आणि म्हणाली, "आता मुसकं बांधून."

"काही गरज न्हाई," आप्पा म्हणाले. पण इंजन आता त्यांचं नव्हतं.

पुन्हा लाटा, पुन्हा घागरी. अकराव्या मिनिटाला इंजन खोकलं. एकदा, दोनदा. आणि बंद पडलं. घागरी हातातच राहिल्या, म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली.

आणि बसवंतआप्पांच्या अंगात वर्षभराची सवय उठली. ते पुढं झाले, झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण आवळलं, दोरी हातात घेतली आणि आभाळाकडे तोंड करून ओरडले, "हर हर महादेव!"

"महादेव!" अर्ध्या गर्दीनं उत्तर दिलं. त्यांनाही सवय होती.

दोरी ओढली. इंजन सुरू झालं.

आप्पांचा हात दोरीवरच राहिला. त्यांनी हळूच मागं वळून बघितलं.

"एक मिनिट," गर्दीतून दगडाबाई नावाची पेडगावची एक बाई पुढं आली. लेकीच्या गावाला जाताना ती या बोटीत बसायची. "म्हंजी आमी वर्षभर झाकणासाठी ओरडलो?"

"तसं न्हाई, अक्का..."

"मी मध्यावर नवस बोललेय! इंजन चालू झालं तर पाच नारळ फोडीन म्हणून! फोडलेबी!"

"मी उपास धरला," कोणीतरी मागून म्हणालं.

"माझ्या मेव्हण्यानं दारू सोडली," तिसरा म्हणाला. "आता त्याला काय सांगायचं?"

आप्पा सूर्यभानकडे वळले. "दादा, तुमीच म्हणला ना? खोड न्हाई. इंजन चांगलं हाय."

"इंजन चांगलंच हाय," धुरपताबाई म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हणते. खोड मालकात हाय. पाठीवर हात ठेवून म्हणला, एकबी न्हाई. सूर्यभानदादा, रिवाज काय सांगतो? खोड लपवली तर पुकारायची. ती जनावराचीच पाहिजे असं कुठं लिवलंय?"

कुठंच काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सूर्यभानला विचार करायला बराच वेळ लागला. त्यानं पान थुंकलं. ही गोष्ट तो फक्त निकाल देताना करायचा.

"बंद पडतंय हे मालकाला ठावं होतं," तो म्हणाला. "सांगितलं न्हाई. पुकारावं लागंल, आप्पा."

"त्या माईकवरून," धुरपताबाईनं उंदरांच्या औषधाच्या गाडीकडे बोट दाखवलं.

आप्पांनी धुरपताबाईला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे म्हशीच्या आड. "मावशी, इंजन तसंच घेऊन जा. फुकट. वर बोटबी घ्या. पण माईकवर नको. माझं दुकान हाय हितं. इज्जत हाय."

धुरपताबाईनं बोटीचा विचार केला. चांगली बोट होती. पत्रा जाड, गळत नव्हती. राजेश्रीनं ऐकलं असतं तर तिनं सासूच्या आधीच होकार भरून टाकला असता.

"फुकटाचं घेतलं तर मला तोंड बंद ठेवावं लागंल," ती म्हणाली. "मी पुरे पैशे देते. तुमी तोंड उघडा."

"बरं, एकदा म्हणतो. एकदाच."

"एकदा?" धुरपताबाईनं सूर्यभानला हाक मारली. "दादा, उपरणं टाका."

बैलाचा भाव बाजारात कोणी तोंडानं करत नाही. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. सूर्यभाननं उपरणं पसरलं. खाली धुरपताबाईचा वल्ह्यानं घट्टे पडलेला हात आप्पांच्या हाताला भेटला. तिनं बोटं धरली. आप्पांचे डोळे मोठे झाले. त्यांनी एक बोट दाबलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा धरली, पूर्ण पंजा, मग पुन्हा पंजा. आप्पा दोनवर आले, तीनवर आले. एकदा त्यांनी हात सोडवून घ्यायला बघितला, पण अठरा वर्षं नाव ओढलेला हात तो. सुटतो थोडाच. शेवटी उपरण्याखाली काहीतरी ठरलं. आप्पांनी डोळे मिटले. सूर्यभाननं दोघांचे हात दाबून पाहिले, आकडा समजून घेतला आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

उंदरांच्या औषधाची गाडी गोपाळ नावाच्या माणसाची होती. तिच्यावर भोंगा होता आणि तो सकाळपासून एकच सांगत होता, की ढेकूण मरेल, झुरळ मरेल, उंदीर जागच्या जागी मरेल. गोपाळनं तो बंद केला आणि माईक शर्टाला पुसून आप्पांच्या हातात दिला.

"काय म्हणायचं?" आप्पांनी विचारलं.

धुरपताबाईनं वर्षभरात मजकूर घोटून ठेवला होता, फक्त मधलं वाक्य आज बदलावं लागलं. तिनं सांगितला. आप्पांनी माईक तोंडाजवळ नेला.

"बाजारातल्या तमाम लोकांना नम्र विनंती," भोंगा बोलला. "इंजनात खोड नव्हती. झाकणाचा स्क्रू सैल करायचं मला वर्षभर कळलं नाही. मला दिसत नाही."

भाजीच्या रांगेतल्या माणसांनी माना वर केल्या. कापडाच्या दुकानातून दोघं बाहेर आले. तीन शेतकऱ्यांनी आपापल्या पाठीवरच्या फवारणी पंपांची झाकणं तपासून बघितली.

"एक," दगडाबाईनं मोजलं. आकडा किती ठरलाय हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच मोजावं लागणार होतं.

आप्पा पुन्हा बोलले. तिसऱ्या वेळी आवाज बसायला लागला. चौथ्या वेळी "मला दिसत नाही"वर परळीची एसटी मोठा हॉर्न देत स्टँडमध्ये शिरली.

धुरपताबाईनं मान हलवली. "न्हाई ऐकू आलं. ही धरायची न्हाई."

"मावशी, एसटीला मी काय करू?"

"तिला जाऊ द्या. मंग म्हणा."

एसटी लागली, माणसं उतरली, माणसं चढली, कंडक्टर चहा पिऊन आला. आप्पा माईक धरून उभे होते. एसटी गेली. ते पुन्हा बोलले. नवव्या वेळेला दगडाबाईची बोटं संपत आली तशी तिनं शेजारणीचा हात मागून घेतला. धुरपताबाई टिपाडाला टेकून बसली होती. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती फक्त नीट बघत होती, आप्पांच्या तोंडाकडे, एकही शब्द न सांडता.

बाराव्या वेळेनंतर आप्पांनी माईक खाली केला आणि आशेनं सूर्यभानकडे बघितलं.

सूर्यभाननं हॉटेलवाल्याला खूण केली. "आप्पांना एक गिलास पाणी आण रे," तो म्हणाला. "घसा ओला करा, आप्पा. लय बाकी हाय."